हिरव्या प्रकाशाला किती सेकंद द्यायचे

आजचं पान शटरच्या वेळेसाठी. अरोराचे, म्हणजे ध्रुवांजवळच्या रात्रीच्या आकाशात दिसणाऱ्या रंगीत प्रकाशाचे फोटो बिघडतात ते बहुधा काळोखाला घाबरून शटर फार वेळ उघडं ठेवल्यामुळे. नाचणाऱ्या अरोराला १५ सेकंद दिले, की पडद्याच्या चुण्या, उभे किरण, खालची जांभळट किनार सगळं एकमेकांत कालवलं जातं आणि हातात हिरवा लगदा येतो.

क्षितिजावर मंद, स्थिर कमान असेल तर ८ ते १५ सेकंद चालतात. कमानीची खालची कड उजळून रेखीव झाली की ४ वर यायचं. ती फुटून डोक्यावर धावू लागली की १ किंवा २, कधी त्याहूनही कमी. बाकीचे आकडे आधीच ठरवून टाकावेत: १४ ते २४ मिमीची लेन्स, अपर्चर एफ/२.८, आयएसओ १६०० ते ३२००, व्हाइट बॅलन्स ३५०० ते ४००० केल्विन, फाइल रॉ (सेन्सरची कच्ची, न दाबलेली नोंद). मग बोट फक्त शटरच्या चाकावर राहतं.

हा वेग येतो कुठून, हे कळलं की सेकंद पाठ करावे लागत नाहीत. हिरवा रंग ऑक्सिजनच्या अणूचा, ५५७.७ नॅनोमीटरचा, बहुतेक १०० ते १५० किमी उंचीवरचा. चेतवलेला अणू हा प्रकाश सोडायला सरासरी पाऊण सेकंद घेतो. त्याच ऑक्सिजनच्या ६३० नॅनोमीटरच्या लाल रंगाला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. खालच्या दाट हवेत तेवढ्या वेळात दुसऱ्या कणाची धडक बसते आणि प्रकाश निघायच्या आधीच ऊर्जा निघून जाते. म्हणून लाल साधारण २०० किमीच्या वर, विरळ हवेतच दिसतो, आणि दिसतो तोही पसरट, सावकाश. नुसता लाल असेल तर लांब शटर खुशाल वापरावं. १० मे २०२४ च्या सौरवादळात लडाखमधल्या हान्ले इथून टिपला गेला तो हाच, उंचावरचा लाल.

यूव्ही फिल्टर लेन्सवरून काढायचाच. हिरवा प्रकाश एकाच तरंगलांबीचा असल्यामुळे सपाट काचेच्या समांतर पृष्ठभागांमध्ये परावर्तन होऊन व्यतिकरण होतं, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींना कुठे वाढवतात, कुठे पुसतात. फोटोच्या मधोमध, पाण्यात खडा पडावा तशी वलयं उमटतात आणि ती नंतर निघता निघत नाहीत. छोट्या स्क्रीनवर ती दिसतही नाहीत, हे त्यातलं सर्वांत वाईट.

फोकससाठी लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नये. ठळक तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये १० पट मोठा करून रिंग अगदी हळू फिरवायची. ठिपका बारीक होत जातो, मग पुन्हा फुगायला लागतो. तिथून किंचित मागे यायचं आणि रिंगवर चिकटपट्टी लावायची. थंडीने लेन्स आक्रसते, त्यामुळे तासाभराने तारा पुन्हा तपासावा. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना स्क्रीन नेहमीच जास्त उजळ वाटतो. उजेडाचा निवाडा हिस्टोग्रामवरच, म्हणजे फोटोत अंधार-उजेड किती आहे ते दाखवणाऱ्या आलेखावरच करावा.

कधी बाहेर पडायचं, यासाठी केपीपेक्षा (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या खळबळीचा ० ते ९ आकडा) बीझेड (सौरवाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक) पाहावा. केपी तीन तासांचा सरासरी अंदाज देतो. बीझेड मोजणारी यानं पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किमीवर आहेत, म्हणून अर्धा ते एक तास आधी सूचना मिळते. बीझेड ऋण, म्हणजे दक्षिणेकडे वळलेला, होऊन तसाच टिकला, की कपडे चढवायला घ्यावेत. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोसारख्या, अरोराच्या पट्ट्याखालीच असलेल्या गावी केपी २ सुद्धा पुरतो.

जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. परतताना कॅमेरा बाहेरच पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करायचं, म्हणजे घरातल्या उबदार हवेतलं बाष्प पिशवीवर जमतं, लेन्सवर नाही. पिशवी दोन-तीन तास तरी उघडायची नाही. फोटो पाहायची घाई असेल तर कार्ड आधीच काढून ठेवावं.