व्हॉलंटियर गार्डनर कोर्स : आत्तापर्यंत कुठवर आलेय

तर मंडळी, आमच्या बागप्रेमी ग्रुपचा कोर्स निम्म्याच्या वर सरला. लेक्चरं झाली, पेपर झाला, आता सेवेचे तास भरायचेत, म्हणजे लोकांच्या झाडांच्या तक्रारी फुकटात निस्तरायच्या आणि मगच सर्टिफिकेट. ही पद्धत अमेरिकेतली, १९७२ ला वॉशिंग्टन राज्यात सुरू झाली, तिथं विद्यापीठाच्या कृषी सल्ला देणाऱ्या लोकांना शहरवाल्यांचे इतके फोन यायला लागले की शेवटी हौशी मंडळींनाच शिकवून उत्तरं द्यायला बसवलं. आमच्याकडं फोन कोण करतंय, लोक थेट पिशवीत फांदी घालून येतात.

मला मातीचा भाग लई आवडला. आमच्या बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडं तांबडी, बैलहोंगलकडं काळी, मग यूट्यूबवरचा एकच उपाय दोन्हीकडं कसा चालायचा?

परवा बैलहोंगलकडचे एक काका लिंबाची फांदी घेऊन आले, निम्मं कन्नड निम्मं मराठी, झाड पिवळं पडलंय, शेणखत घातलं, युरिया घातला, काय फरक नाही. अरभावीच्या हॉर्टिकल्चर कॉलेजात शिकलेले आमचे सर पहिला प्रश्न घोकूनच घेतात, तोच विचारला, "काका, पिवळी कुठली पानं, शेंड्याची का बुडाची?" फांदी उलगडून बघितली तर बुडाची पानं झकास, शेंड्याची कोवळी तेवढी फिकट आणि शिरा मात्र हिरव्यागार. म्हणजे लोह कमी पडतंय. नत्र (युरियातनं मिळतं ते) कमी असतं तर जुनी पानं आधी पिवळी झाली असती, कारण झाड जुन्यातलं नत्र काढून नव्याला देतं, लोहाचं तसं होत नाही. चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असतंय पण मुळांना ते घेता येत नाही. चिलेटेड लोहाचा, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा लोहाचा, फवारा सांगितला, बुडात पाणी तुंबू देऊ नका म्हटलं. काका म्हणाले, "म्हणजे युरियाचे पैसे पाण्यात की!"

बाकी प्रॅक्टिकलमध्ये गुटी कलम झालं, म्हणजे झाडावरच्याच फांदीची साल काढून तिथं ओलं शेवाळ प्लास्टिकात बांधायचं आणि मुळं फोडायची. साल गोल काढल्यावर खालचा बुळबुळीत थर चाकूनं नीट खरवडायचा, नाहीतर साल परत जुळते आणि मुळं फुटत नाहीत. माझ्या डाळिंबाच्या गुटीत प्लास्टिकमधनं पांढरी मुळं दिसायला लागलीत, तपकिरी झाली की कापून कुंडीत लावणार.

पुढं गुलाबाची छाटणी आहे, पाऊस थांबला की. काळ्या मातीत कुंड्या भरणारे कोण असतील तर वाळू किती मिसळता ते सांगा, आमच्यात त्यावरनं रोज भांडण चाललंय.