नैरोबी ते लागोस : आफ्रिकेतल्या आफ्रिकेत

मी केनियातल्या नैरोबीत राहतो. गेल्या दिवाळीत पुण्याला आलो असताना, पुढच्या महिन्यात तिथून कामासाठी नायजेरियातल्या लागोसला जायचे आहे असे बोलता बोलता सांगितले, तेव्हा मामा सहज म्हणाले, "मग गाडीनेच जाशील ना? आफ्रिकेतल्या आफ्रिकेत तर आहे." यात मामांची काही चूक नाही. शाळेतल्या नकाशावर उत्तरेकडचे देश फुगलेले दिसतात आणि त्यांच्या शेजारी विषुववृत्तालगतचा प्रदेश अंग चोरून बसल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात आफ्रिका खंडाचे क्षेत्रफळ भारताच्या सुमारे नऊपट भरते.

नैरोबी ते लागोस हे हवाई अंतर सुमारे 3,800 किलोमीटर असून थेट विमानाला साधारण पाच तास लागतात. नैरोबीहून मुंबई सुमारे 4,500 किलोमीटर, म्हणजे साडेपाच ते सहा तासांवर. थोडक्यात, मामांच्या 'आफ्रिकेतल्या आफ्रिकेत' जाणे आणि समुद्र ओलांडून घरी येणे यांत तासाभराचाच काय तो फरक आहे. थेट विमान सोयीचे नसले, तर इथिओपियातल्या अदिस अबाबामार्गे जावे लागते; आधी उत्तरेला साडेअकराशे किलोमीटर आणि मग तिथून पश्चिमेला आणखी 3,900 किलोमीटर, शिवाय मधली ताटकळ वेगळी.

विमान निघाल्यावर थोड्याच वेळात व्हिक्टोरिया सरोवराचे पाणी चमकू लागते, युगांडाच्या बाजूला कुठेतरी विषुववृत्त मागे पडते आणि त्यानंतर काँगोचे जंगल सुरू होते. ढग नसतील तर दीड-दोन तास खाली केवळ गडद हिरवा रंग दिसतो आणि मध्येच एखादी तांबूस वळणदार नदी. गाडीने जाण्याची कल्पना का करू नये, हे त्या खिडकीतून पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

वेळेचा हिशेब मात्र गमतीचा आहे. लागोसचे घड्याळ नैरोबीच्या दोन तास मागे असल्यामुळे सकाळी सातला निघालेला माणूस तिथे दहालाच उतरतो. परतताना हेच दोन तास वसूल होतात. त्यातच केनियातल्या स्वाहिली भाषेत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात (आपल्या जुन्या घटकांसारखेच) आणि रात्रीचे सूर्यास्तापासून, म्हणजे सकाळचे सात हा दिवसाचा पहिला तास आणि पहाटेचे पाच हा रात्रीचा अकरावा. पहिल्या खेपेला मी टॅक्सीवाल्याला पहाटे पाचला बोलावले, तेव्हा तो "सा कुमी ना मोजा" म्हणाला. त्याचा शब्दशः अर्थ 'अकरा वाजता' एवढाच मला कळत होता, त्यामुळे माझी रात्र धाकधुकीत गेली. तो पाचच्या ठोक्याला दारात हजर होता.

कागदपत्रांत पीतज्वराच्या लसीचे पिवळे कार्ड पासपोर्टातच ठेवावे. केनियाहून भारतात येतानाही ते विचारले जाते, त्यामुळे इथल्या भारतीयांची त्याच्याशी चांगली ओळख असते.

लागोसला उतरताच दमट हवा अंगाला चिकटते. नैरोबी सोळाशे मीटरांहून उंच असल्याने तिथे मी स्वेटर घालून निघालेलो असतो, तो विमानतळाच्या दारातच काढावा लागतो. पुढे विमानतळ असलेल्या इकेजाहून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या व्हिक्टोरिया आयलंडला पोहोचायला त्या दिवशी मला अडीच तास लागले. वाहतूक कोंडीला तिथे 'गो-स्लो' म्हणतात. वाटेतल्या थर्ड मेनलँड ब्रिज या लांबलचक पुलावर गाडी थांबलेली असतानाच आईचा फोन आला, "पोहोचलास का रे?" भारतात तेव्हा दुपारचे चार वाजत होते. मी म्हणालो, "विमान कधीच पोहोचलं, आई."