ठासणीच्या रायफली: आमची वाटचाल

लँकेस्टर काउंटीत, पेनसिल्व्हेनियात, आमचं दोघांचं छोटं वर्कशॉप आहे. मी मूळचा कुडाळकडचा, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनियर. भागीदार इथल्याच जुन्या जर्मन घराण्यातला सुतार. आम्ही चकमकीच्या, ठासणीच्या लांब रायफली करतो: दारू-गोळी नळीच्या तोंडातून ठासायची, गारगोटीच्या ठिणगीने बार उडवायचा. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, "सगळं हातानंच ना?"

नाही. नळी आणि लॉक, म्हणजे ठिणगी पाडणारा चाप-घोड्याचा भाग, आम्ही विकत आणतो. हे ऐकून काही जण हिरमुसतात. पण अठराव्या शतकात जर्मन आणि स्विस कारागिरांनी युरोपातल्या आखूड, जाड शिकारी रायफलीला इथे लांब, सडपातळ रूप दिलं, तेव्हाही इंग्लंडहून आलेली लॉकं सर्रास वापरली जात. लोखंडाच्या पट्टीपासून नळी घडवायची, तिच्यात गोळीला फिरकी देणारे पीळ पाडायचे, लॉकही स्वतःच करायचं, असं सगळं करून दाखवलं ते व्हर्जिनियात, कलोनियल विल्यम्सबर्ग या जुन्या काळच्या गावाच्या संग्रहालयातल्या वॉलेस गसलर यांनी. १९६९ च्या माहितीपटात ते पाहायला मिळतं. थोर काम. पण त्या वेगाने आमचं भाडं निघायचं नाही.

आमचा धंदा सुरू झाला दुरुस्तीपासून. या राज्यात १९७४ पासून नाताळनंतर हरणांच्या शिकारीचा वेगळा हंगाम असतो, त्यात फक्त चकमकीचीच बंदूक चालते. हंगाम संपला की मानेशी, म्हणजे मुठीत धरायच्या बारीक जागी, तडकलेले लाकडी दस्ते आमच्याकडे येत. लाकडाचे धागे मानेतून आडवे गेले असतील तर दस्ता तिथेच तडकतो. हे इतक्या वेळा पाहिलं की आता फळी निवडताना आधी मानेची जागा बघतो, लाकडातले शोभेचे पट्टे नंतर. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय बंदूक कायद्यात ठासणीच्या बंदुका 'पुरातन' गटात येतात. त्यामुळे दुकानाला बंदूकविक्रीचा परवाना लागला नाही, नाहीतर दोन माणसांना हे झेपलंच नसतं.

खरा वेळ जातो लाकडात. पट्टेदार मॅपलला रंधा मारला की धागे उपटून येतात, म्हणून शेवटचा हात खरवडणीचाच. नळीला काजळी लावून ती खोबणीत बसवायची, डाग उमटेल तिथे पटाशीने छिलका काढायचा, पुन्हा बसवायची. नक्षीची तयारी त्याआधीच, आकार काढताना करावी लागते: गालाच्या फुगवट्यामागे आणि लॉकभोवती थोडं जास्तीचं लाकूड राखून ठेवायचं. मग वेलबुट्टी सोडून भोवतीची जमीन खाली घ्यायची. नक्षीचा उठाव जाड पुठ्ठ्याएवढाच. जास्त उठाव दिला की ती चिकटवल्यासारखी दिसते. मशीनवर कोरलेल्या बऱ्याच नक्षींत नेमकं हेच होतं, असं माझं मत. शेवटी लोखंड विरघळवलेलं नायट्रिक आम्ल लावून दस्ता शेकायचा. आधी पिवळट-हिरवा दिसतो, मग एकदम तांबूस तपकिरी होतो, पट्टे उठून येतात. भागीदार हे काम मला करू देत नाही.

नक्षी कुठली, यावर मात्र आमचे वाद होतात. या राज्यात प्रत्येक भागाची घडण वेगळी: लँकेस्टरच्या रायफलीला दस्त्यातल्या पितळी डबीच्या टोकाशी डेझीचं फूल, लीहायच्या दस्त्याला वेगळाच बाक, बेडफर्डची अंगाने बारीक. इथल्याच लेबनन भागातल्या जे. पी. बेक या जुन्या कारागिराची वेलबुट्टी मला सगळ्यांत आवडते. भागीदाराला लँकेस्टरच्या जेकब डिकर्टपुढे कोणी दिसत नाही. गिऱ्हाइकाने लीहायचा दस्ता आणि वर डेझी मागितली, तर आम्ही दोघं एकमुखाने नाही म्हणतो. अशा ऑर्डरी गेल्यात. जाऊ देत.

गावाकडून आणि पुण्या-मुंबईच्या मित्रांकडून विचारणा होते, एखादी पाठवशील का? कोकणात शेतसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका अजून आहेत, त्यामुळे लोकांना हे सोपं वाटतं. पण भारतात तिला शस्त्र कायद्याखाली परवाना लागतोच, आणि परदेशात माल पाठवायच्या भानगडीत आम्ही पडत नाही. इकडे आलात तर वर्कशॉप बघायला जरूर या, आधी फोन करून. नाताळनंतरच्या हंगामात मात्र येऊ नका, भागीदार रानात असतो.