आधी सिंकखाली वाकून पाहणारा माणूस

नागपूरच्या मे महिन्यात ओल्या कचऱ्याची बादली सकाळी भरली की दुपारी तिच्याजवळ जाववत नाही. घंटागाडी येते तेव्हा मी लॅबमध्ये असते, हे बँकेत, आणि सासूबाईंना गुडघ्यांमुळे तिसऱ्या मजल्यावरून उतरणं जमत नाही. धरमपेठेतली आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही. शेवटी सिंकखाली फूड वेस्ट डिस्पोजर, म्हणजे खरकटं बारीक करून पाण्याबरोबर गटारात सोडणारं यंत्र, बसवायचं ठरवलं. यंत्र निवडायला फार वेळ लागला नाही. चार माणसांचं घर, मांसाहार कधीतरी. अर्ध्या-पाऊण एचपीत भागतं. वेळ गेला तो बसवणारा माणूस शोधण्यात.

न्यू जर्सीतला माझा भाचा म्हणाला, "मावशी, अर्ध्या तासाचं काम आहे. मी स्वतः बसवलं. तुझ्यासाठी एक घेऊन येऊ का?" तिकडचं यंत्र १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर चालतं, आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. त्यामुळे ते आणणं बाद झालं. त्याचा अर्धा तास मात्र खोटा नव्हता. हे यंत्र मुळात तिकडचंच. विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावात जॉन हॅम्स नावाच्या आर्किटेक्टने १९२७ मध्ये ते पहिल्यांदा बनवलं. तिथे सिंकचं भोक ठरलेल्या मापाचं आणि सिंकखालची जागा मोकळी असते. आपल्याकडे ओटा गवंड्याच्या अंदाजाने, पाइप प्लंबरच्या सवयीने आणि प्लगपॉइंट बिल्डरच्या मर्जीने. आणि तिकडेही सगळं आलबेल नव्हतं बरं का! न्यूयॉर्क शहराच्या बऱ्याच भागात जुन्या गटारांच्या काळजीपोटी डिस्पोजरवर बंदी होती, ती १९९७ मध्ये उठली. भाच्याला हे सांगितल्यावर तो गप्प बसला.

इमारतीतली छोटी-मोठी कामं करणाऱ्या प्लंबरला फोन केला. "बसवून देऊ ना ताई, त्यात काय! मशीन आणून ठेवा फक्त." सिंक कसलं, पाइप कुठून जातो, काही विचारलं नाही. दुकानदाराने सुचवलेला दुसरा जरा जाणकार वाटत होता. पण "याचे ब्लेड दर वर्षी बदलावे लागतात, ते मी आणून देत जाईन," असं तो म्हणाला आणि माझ्या मनातून उतरला. डिस्पोजरमध्ये ब्लेड नसतातच. खाली एक तबकडी गरगर फिरते, तिच्यावरचे धातूचे बोथट ठोकळे खरकटं बाहेरच्या कडेला फेकतात आणि तिथल्या खडबडीत कड्यावर घासून त्याचा लगदा होतो. हे माहितीपत्रकातल्या चित्रातही दिसतं. ज्याने ते चित्रसुद्धा पाहिलेलं नाही, त्याच्या हाती ओटा का द्यावा?

कंपनीचा माणूस हा सगळ्यात सोपा मार्ग वाटत होता. इन्स्टॉलेशन फुकट, वॉरंटी पक्की. त्या फुकटात काय काय येतं हे मी लेखी मागितलं. तेव्हा कळलं की ते लोक यंत्र सिंकला अडकवून, पाइपला जोडून, प्लग लावून निघून जातात. भोक बसलं नाही, भिंतीतला ड्रेन उंच निघाला, सॉकेट नसलं तर "ते तुमच्या प्लंबरकडून, वायरमनकडून आधी करून घ्या." प्लंबर म्हणतो विजेचं माझं काम नाही, वायरमन म्हणतो पाण्याचं माझं नाही. उद्या गळती लागली तर तिघंही एकमेकांकडे बोट दाखवणार.

मग मी फोनवर एकच विचारू लागले: आधी येऊन पाहाल का? पाहण्याचे पैसे वेगळे देईन. बरेच जण इथेच गळले. "फोटो पाठवा व्हॉट्सॲपवर" म्हणणारेही गळले, कारण फोटोत उतार दिसत नाही.

योग्य माणूस मिळाला लॅबमधल्या सहकारी मैत्रिणीमुळे. मनीषनगरला तिच्याकडे डिस्पोजर बसून दोन उन्हाळे झाले होते. नवं काम सगळ्यांचंच चांगलं दिसतं. सांधे कसे भरलेत ते वर्षभर थरथर सोसल्यावर कळतं. मी तिच्या घरी जाऊन सिंकखाली हात फिरवून पाहिला, कोरडा. हा माणूस आयटीआयमधून प्लंबरचा कोर्स केलेला, आणि वायरमन स्वतःचा घेऊन येणारा. दोघांच्या कामाची जबाबदारी आपली, असं त्याने फोनवरच सांगितलं.

आल्या आल्या त्याने सिंकखालचं सगळं बाहेर काढायला लावलं: फिनाइलच्या बाटल्या, कांद्याची टोपली, आरओचं जास्तीचं फिल्टर, आणि बारा वर्षांच्या पिशव्यांची पिशवी. मग टॉर्च घेऊन आडवा झाला.

"ताई, हे पाणी कुठं जाते?"

"खाली."

"खाली म्हंजे कुठं? गडर लाइनले का सेप्टिक टँकले?"

मला सांगता येईना. तो उतरला, मागच्या गल्लीतलं चेंबर उघडून पाहून आला. लाइन महापालिकेच्या गडरला होती. सेप्टिक टँक असता तर नको म्हटलं असतं, असं तो म्हणाला. लगद्याने टाकी लवकर भरते. शहराबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये हा प्रश्न पहिला विचारावा. (एक गंमत लक्षात आली. घंटागाडीतला कचरा भांडेवाडीला जातो, आणि गडरमधलं सांडपाणीही बरंचसं शुद्ध व्हायला भांडेवाडीलाच. आमची दोडक्याची सालं कुठल्याही वाटेने गेली तरी मुक्काम तोच.)

सिंकचं भोक त्याने मापलं. यंत्राला ९० मिलिमीटर, म्हणजे साडेतीन इंच लागतं. आमचं नेमकं तेवढंच निघालं, हे नशीब. मग त्याने सिंकचा तळ अंगठ्याने दाबला आणि मान हलवली. आमचं सिंक ग्रॅनाइटला खालून लावलेलं, नुसत्या सिलिकॉनच्या भरवशावर. त्यात भांडी धुणं वेगळं आणि त्याला काही किलो वजनाची, थरथरणारी मोटर टांगणं वेगळं. "दोन बाजूंनी पट्ट्यांचा आधार द्यावा लागन, नाही तं एक दिवस सिंकच खाली येईन." आधीच्या कुणाच्याही बोलण्यात हे आलं नव्हतं.

खरी अडचण भिंतीत होती. डिस्पोजरचं पाणी बाहेर सोडणारं तोंड सिंकच्या तळापासून साधारण अर्धा फूट खाली येतं आणि आमचा भिंतीतला ड्रेन त्याच्या वर होता. तसंच जोडलं असतं तर पाणी चढणीला लागलं असतं आणि लगदा यंत्रातच साचून कुजला असता. म्हणजे टाइल फोडून ड्रेन खाली घेणं आलं. शिवाय आमचा घड्याघड्यांचा लवचिक वेस्ट पाइप काढून सरळ गुळगुळीत पीव्हीसी टाकायला त्याने सांगितलं, कारण प्रत्येक घडीत गाळ बसतो. दुर्गंधी अडवणारा ट्रॅप मात्र ठेवायचाच.

सिलिंडर शेजारच्याच कप्प्यात होता. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचतो, आणि तिथेच आम्ही सॉकेट बसवणार होतो! सिलिंडर ओट्याच्या दुसऱ्या टोकाला हलवला आणि सॉकेट पाइपांच्या सांध्यांपासून दूर, वरच्या बाजूला घ्यायचं ठरलं.

त्याचा भाव सगळ्यांत जास्त होता. यांनी भुवया उंचावल्या. पण कागदावर टाइल फोडणं, पीव्हीसी, आधाराच्या पट्ट्या, वायरिंग असं सगळं वेगवेगळं लिहिलेलं होतं. बाकीच्यांच्या आकड्यात हे धरलेलंच नव्हतं, म्हणून ते कमी दिसत होते. शेवटचा हप्ता आठ दिवस वापरून झाल्यावर देईन, या माझ्या अटीलाही तो कुरकुर न करता हो म्हणाला. कंपनीला विचारून घेतलं की बाहेरच्या माणसाने बसवलं तर मोटरची वॉरंटी राहते का. उत्तर ईमेलवर मागवलं. ते "राहते" असं आलं, तेव्हाच कामाला हात घातला.

वायरमन आला तेव्हा मी परवाना मागितला. त्याला राग आला नाही, मोबाइलवर फोटो दाखवला. मग त्याने ओट्यावरच्या जुन्या सॉकेटला मीटर लावून पाहिलं आणि हसला. "काकू, हे तीन पिनचं नावालेच आहे. अर्थिंगची वायरच नाही मागं." इतकी वर्षं आम्ही त्याच सॉकेटवर मिक्सर चालवत होतो. त्याने बोर्डापासून अर्थिंगची तार ओढली आणि त्या लाइनीला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, लावला. ओट्यावरचं बटण हवेच्या दाबावर चालणारं घेतलं. त्यात फक्त एक बारीक नळी खाली जाते, वीज नाही. ओल्या हाताने दाबलं तरी काळजी नाही. त्याचे थोडे जास्त पैसे पडतात, पण हात ओलाच असतो ना स्वयंपाकघरात?

बसवणं एका दिवसात झालं, सिमेंट वाळण्याचा वेळ सोडून. सिंकच्या भोकात वरून बसणाऱ्या कडेखाली, म्हणजे फ्लँजखाली, पुटी, खालून कडं, मग यंत्र फिरवून अडकवणं. त्यानंतर त्याने सिंक काठोकाठ भरलं, बूच एकदम काढलं आणि प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्राचा तुकडा धरला. एका ठिकाणी कागद ओला झाला. सांधा उघडून पुन्हा भरला, पुन्हा सिंक भरलं.

सूचना त्याने मला न देता सासूबाईंना दिल्या. दिवसभर वापरणार त्याच, हे त्याने ओळखलं. "आजी, आधी नळ, मग मशीन, मग कचरा. बंद करतानी आधी मशीन, मग नळ. पाणी थंडच." गरम पाण्याने तूप-तेल पातळ होऊन पुढे जातं आणि पाइपात थिजतं. शेवग्याच्या शेंगा, मक्याची कणसं, केळीची सालं नाहीत, त्यांचे धागे गुंडाळतात. आंब्याची कोय नाही. संत्र्याची सालं चालतात, थोडी थोडी. आणि सावजी रस्सा झाला तर वरची तर्री कागदाने पुसून कचऱ्यात. हे शेवटचं नागपुरात वेगळं सांगावंच लागतं. यंत्र अडकलं तर प्लग काढून खालच्या भोकात ॲलन की, म्हणजे षटकोनी किल्ली, फिरवायची, मग यंत्राचं लाल बटण दाबायचं. हेही त्याने सासूबाईंच्या हातून करवून घेतलं. बाकीच्यांनी यासाठी दर खेपेला व्हिजिट लावली असती.

आठ दिवसांनी तो आला, सांधे कोरड्या कागदाने पुसून पाहिले, एक नट जरासा आवळला आणि उरलेले पैसे घेतले. जाताना दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्याला गाठलं, त्यांनाही डिस्पोजर हवं होतं. तो त्यांच्याही सिंकखाली आडवा झाला. सिंक लहान, भोक दोन इंची, पत्रा पातळ. "काकू, आधी सिंक बदला. नाही तं नका बसवू," म्हणाला आणि पाहण्याचेच तेवढे पैसे घेऊन गेला. काकू नाराज आहेत. त्यांनी आता इमारतीच्या त्या पहिल्या प्लंबरला बोलावलंय, आणि तो म्हणाला आहे, त्यात काय.