कापणार काय?

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, पोर्टलंडमधल्या आमच्या गल्लीत दुपारी आवाज असा नसतोच. त्यामुळे तो 'खट्' मला स्पष्ट ऐकू आला. शेजारचे आजोबा गॅरेजच्या दारात बसून पुठ्ठ्याची खोकी मोडत होते. खिशातून काहीतरी निघालं, खट् झालं, पुठ्ठा सरळ उभा फाटला. मी कचऱ्याचा डबा ओढता ओढता थांबलो. आजोबांना काय ते कळलं. त्यांनी चाकू मिटला (मिटायचा हातानेच, स्प्रिंगला उघडायचं तेवढं कळतं) आणि माझ्यापुढे धरला. मी घेईना. खाली ठेवा, मग उचलतो, म्हटलं. चाकू हातातून हातात दिला की भांडण होतं, हे त्यांना कसंबसं सांगितलं. ते मुळीच हसले नाहीत. त्यांच्याकडे म्हणे चाकू भेट दिला तर घेणाऱ्याने एक पेनी परत द्यायची, नाहीतर मैत्री तुटते. चला, म्हणजे भीती तीच, फक्त इथे ती पैसे देऊन मिटते.

मी बटण दाबलं. मिटला, परत दाबलं. डबा रस्त्यातच राहिला.

तेव्हापासून रात्री जेवणं झाली की मी चाकू बघत बसतो. साधे नाहीत, खटक्याचे. चांगल्यातला घ्यायचा तर स्वस्तात जमत नाही. बेंचमेड नावाच्या चाकू कंपनीचा कारखाना ओरेगन सिटीत, म्हणजे आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. चाकू बोथट झाला की त्यांच्याकडे पाठवायचा, ते जन्मभर धार लावून देतात आणि धारेचे पैसे घेत नाहीत. हे मी बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पण तू कापणार काय?"

प्रश्न रास्त आहे. भाजी तिच्या सुरीने होते, खोकी किल्लीने फाटतात, सफरचंद मी सालासकट खातो. मग मी पोलादाकडे वळलो. मॅग्नाकट नावाचं पोलाद आहे, लॅरिन थॉमस नावाच्या धातुशास्त्रज्ञाने बनवलेलं, 2021 साली बाजारात आलं. धार टिकते, चिवट आहे आणि गंजत नाही. एरवी या तिन्ही गोष्टी एका पात्यात सहसा नांदत नाहीत. आमच्या आजीची विळी कैरी चिरली की काळी पडायची. मग चिंचेने, राखेने घासून, लगेच कोरडी करून आडवी ठेवायची, उभी विळी ठेवली की बोलणी बसायची. आजीला मॅग्नाकट दाखवलं असतं तर ती म्हणाली असती, मग घासायचं काय?

खरं सांगायचं तर मला तो आवाज हवा आहे. आणि तो हट्ट माझा आजचा नाही.

आमच्या घरी कापण्याचिरण्याची सगळी हत्यारं बायकांच्या ताब्यात. पुरुषांकडे एकच, आजोबांचा अडकित्ता. पितळी, मुठींना मोरांची तोंडं. दुपारी जेवून झोपाळ्यावर बसले की पानाचा डबा उघडायचा. सुपारी अडकित्त्यात धरायची, पण लगेच कापायची नाही. समोर कोणी वाटणीचं, कोणी उसनवारीचं बोलत असायचं. तो सगळं सांगून उत्तराची वाट बघत थांबला की मग कट्ट. दोन फाका. पुन्हा शांतता. त्या फाकांची कातरी होईपर्यंत समोरचा निम्मा ढिला पडलेला असे, आणि पुष्कळदा स्वतःच म्हणे, बरं, दिवाळीनंतर बघू. आजोबांनी हो किंवा नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. आम्हा पोरांना तो अडकित्ता धरायला मिळायचा नाही. बोट जाईल, हे कारण. मला तेव्हाही वाटायचं की कारण दुसरंच आहे, तो आवाज कोणी करायचा हे घरात ठरलेलं होतं.

आता ऑफिसच्या मीटिंगमध्ये कोणी मुदत विचारली की माझ्या हातात काही नसतं. पेनचं टोक टकटक करून तो परिणाम येत नाही. खटक्याचा चाकू काढला तर परिणाम येईल, पण नोकरी जाईल.

शिवाय कायदा. ओरेगनमध्ये हा चाकू बाळगता येतो, पण अंगावर लपवून नेता येत नाही. म्हणजे घ्यायचा तर मिरवायचा. माझ्यासारख्या माणसाने, ज्याला दुकानात सुटे पैसे मोजून घ्यायची लाज वाटते! कॅलिफोर्नियात पातं दोन इंचांच्या आत हवं, आणि गंमत म्हणजे प्रोटेकसारखी नावाजलेली कंपनी असले चाकू बनवते ती तिथेच, लॉस एंजेलिसजवळ. ती दोन इंचांच्या आतलं बाळही काढते. आपल्याकडे पाहा, रामपूरने सगळी बदनामी पचवून 2023 साली चौकात चांगला वीस फुटी चाकू उभा केला. त्याला म्हणतात मिरवणं.

परवा रात्री घेऊनच टाकणार होतो. बोट बटणावर होतं, तेवढ्यात लक्षात आलं, शनिवार. शनिवारी लोखंड घरात आणत नाहीत. मूठ ॲल्युमिनियमची आहे हे खरं, आणि वस्तू घरी येणार बुधवारी. पण अशी पळवाट आईने चालवून घेतली नसती. खंडेनवमीला कात्री, सुरी, शिलाई मशिनीच्या शेजारी हा मांडायचा का, यावरही मी बराच वेळ घालवला. झेंडूचं फूल त्याच्यावर शोभेल, असं माझं मत झालं.

आणि मग कायदा वाचता वाचता ते कलम लागलं. 1958 साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने असले चाकू एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायला बंदी घातली. त्या काळी सिनेमातल्या टोळ्यांच्या पोरांच्या हातात ते दिसत, लोक घाबरले होते. बंदीला अपवाद सैन्याचा, तो असणारच. पण आणखी एक आहे: ज्याला एकच हात आहे अशा माणसाने तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा चाकू जवळ ठेवला तर चालेल.

माझ्या आबाकाकांचा उजवा हात कडबाकुट्टीत कोपरापासून गेला होता. जत्रेतला साधा चाकू ते दातात धरून डाव्या हाताने उघडायचे. पातं घट्ट असलं की मान वाकडी व्हायची, आणि आम्ही पोरं ते बघायला जमायचो. पुढे कोणीतरी मुंबईहून त्यांना खटक्याचा आणून दिला. आजी चिडली, गुंडाची वस्तू घरात नको म्हणाली. काका त्याने पेंढीची सुंभं कापायचे, पेरू कापून आम्हाला द्यायचे. उघडताना आमच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, आणि आम्हीही पुढे बघायला जमेनासे झालो. एकदा बाजारात पोलिसाने झडती घेतली, तेव्हा चाकू गेला. काकांनी दुसरा मागवला नाही, परत दात.

अमेरिकेत असते तर केंद्राच्या कायद्याची त्यांना हरकत नव्हती. पण काका कधी मिरजेच्या पलीकडे गेले नाहीत.