सायकलच्या डिस्क ब्रेकचे पॅड घेण्याआधी रोटर वाचा

पॅड रेझिनचे घ्यायचे की मेटलचे, याचं उत्तर बरेचदा रोटरवरच, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या पोलादी चकतीवरच, कोरलेलं असतं. चाक हळू फिरवून बघा. शिमानो कंपनीच्या स्वस्तातल्या रोटरवर इंग्रजीत ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं दिसलं, तर पुढची चर्चा नको. त्या रोटरचं पोलाद मऊ असतं आणि मेटल पॅड ते भराभर खातात. नवा शिमानो रोटर १.८ मिमी जाड असतो, १.५ वर आला की बदलायचा. पॅडपेक्षा रोटर महाग, हे लक्षात ठेवा.

रोटरला दोन्ही पॅड चालत असतील तर मग पावसाचा विचार. रेझिन पॅड थंड असतानाही पहिल्या दाबाला पकडतो, आवाज कमी करतो. शहरात, कोरड्या रस्त्यावर तोच बरा. पण जुलैत ताम्हिणीसारख्या घाटात रस्त्यावरून वाहणारं पाणी बारीक रेती घेऊन येतं आणि ती रोटर-पॅडमध्ये घासत राहते. तिथे रेझिन बघता बघता संपतो. सलग उतारावर तापून त्याचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला, की ब्रेकची लिव्हर घट्ट लागते पण सायकल थांबत नाही. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचं म्हणजे सुमारे ४० किलोमीटर, त्यासाठी मेटलच. ओल्यात तो किंचाळतो, पहिले एकदोन दाब जरा सुस्त असतात आणि उष्णता कॅलिपरकडे, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागाकडे, जास्त सोडतो. पण टिकतो. सेमी-मेटॅलिक हा मधला पर्याय. मात्र त्यात कंपनीगणिक मिश्रण बदलतं, तेव्हा पाकिटावर रोटरबद्दल काय लिहिलंय ते वाचूनच घ्या.

आकार जुळणं वेगळंच. ‘शिमानोचा द्या’ म्हणून भागत नाही, त्यांचेच कित्येक आकार आहेत. जुना पॅड काढून सोबत न्या.

बदलताना चाक काढा, पण जुने पॅड आत असतानाच त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा टायर लिव्हर (टायर काढायची पट्टी) घालून पॅड दाबणारे पिस्टन मागे ढकला. स्क्रू-ड्रायव्हर थेट पिस्टनवर टेकवला तर सिरॅमिक पिस्टनचा टवका उडतो. मग पिन काढा आणि पॅड स्प्रिंगसकट ओढून घ्या. चाक नसताना ब्रेक दाबू नका. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. प्रकार बदलत असाल तर जुन्या पॅडचा थर जावा म्हणून बारीक पॉलिशपेपरही फिरवा.

चेनवर मारलेला स्प्रे रोटरवर उडाला, तर पॅड तेल पितो आणि तिथून पुढे नुसता कोकलतो. गॅसवर भाजून तो बरा होतो असं सांगणारे भेटतील. रेझिनमधला बांधणारा पदार्थच जळतो, ब्रेकवर असले प्रयोग नकोत. नुसता चकचकीत झालेला पॅड मात्र सपाट जागी पॉलिशपेपरवर हलका घासला की बहुतेक वेळा सुधारतो.

नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर २०-२५ च्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत या, चाक लॉक होऊ न देता. पंधरा-वीस वेळा, पुढचा आणि मागचा वेगवेगळा. पूर्ण थांबू नका, नाहीतर एकाच जागी थर बसून ब्रेक धडधडतो. पुढे अधूनमधून टॉर्च मारून पॅडच्या मसाल्याची, म्हणजे घासणाऱ्या थराची, जाडी बघत जा; अर्धा मिलिमीटर उरला की पॅड बाद. त्याखाली गेलात तर स्प्रिंग रोटरला घासायला लागते.