फियाट, ३४२ किलोमीटर: तीन नंबर बसायला लागला!

फियाटचं इंजिन नव्यानं बांधलंय आणि आता रनिंग (नव्या भागांचं सुरुवातीचं घासून बसणं) चालू आहे. मागच्या वेळी धुरापाशी थांबलो होतो. १८० किलोमीटर झाले तरी सकाळी चालू केली की निळा धूर, आणि तेवढ्यात अर्धा लिटर ऑईल गायब. ०.५० मि.मी. ओव्हरसाइज पिस्टन, पिस्टनवरच्या रिंगांचा नवा सेट, होनिंग (सिलिंडर आतून घासून तिरक्या रेघा पाडणं) माझ्यासमोर झालेलं (१०८९ची आता ११०५ सीसी आहे), आणि तरी हे. दोन रात्री नीट झोप नाही.

प्लग काढले. एक, दोन, चार कोरडे, फिकट तपकिरी. तीन नंबरच्या सिलिंडरचा काळा आणि ओला. मिस्त्री म्हणाले, "रिंग तुटली असणार, रविवारी हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवू." मी हो म्हणूनही बसलो.

पण आधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घेतलं. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत. १२०, १२२, ९२, १२० पौंड. तीन नंबरमध्ये चमचाभर ऑईल सोडून परत सेल्फ मारला, तर ११८! म्हणजे व्हॉल्व्ह ठीक, गळती रिंगवरूनच. मोबाइलला जोडायचा वायरचा कॅमेरा प्लगच्या भोकातून आत सोडला. (हा घ्याच, स्वस्त मिळतो.) उभा ओरखडा एकही नाही, होनिंगच्या तिरक्या रेघा जशाच्या तशा. रिंग तुटलेली नव्हती, बसलीच नव्हती, म्हणजे बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) घासून घट्ट लागलीच नव्हती.

चूक पहिल्या १८० किलोमीटरमध्ये आहे. "हजारपर्यंत चाळीसच्या वर नको" हे ऐकून सोलापूर रोडवर टॉपमध्ये एकाच वेगानं चालवली. रिंग बोअरवर दाबली जाते ती मुख्यतः जळत्या गॅसच्या दाबानं. लोडच नाही तर दाब कुठून येणार?

म्हणून पहाटे पुण्याजवळचा दिवे घाट. चढाला तिसरा गिअर, तीसवरून पन्नासपर्यंत पाऊण अ‍ॅक्सिलरेटर, मग पाय काढायचा, परत तेच. उतरताना इंजिन ब्रेकवर, म्हणजे व्हॅक्यूमनं ऑईल वर ओढलं जातं आणि घासलेला भुगा धुतला जातो. दर फेरीनंतर दहा मिनिटं विश्रांती. पाचव्या फेरीला आरशात धूर शोधावा लागला. सासवडला चहा घेतला, आजवरचा सर्वांत गोड.

दोन दिवस असंच केलं. काल तीन नंबर १०९ पौंड. हेड उतरवणं रद्द.

बाकी सगळं ठीक. ५० किलोमीटरला काढलेल्या ऑईलमध्ये चुंबकाला फक्त राखाडी लगदा लागला, कण नाही. हेड परत टाइट केलं, टॅपेट लावले. नाना पेठेत एकानं सिंथेटिक ऑईल गळ्यात मारायचा प्रयत्न केला. रनिंगमध्ये ते अजिबात घालू नका. हजारपर्यंत साधं २०डब्ल्यू-५०.

५००ला ऑईल बदलून महाबळेश्वर गाठायचं ठरवलं होतं, पण लिहिता लिहिता लक्षात आलं: प्लग जुनेच आहेत, तीन नंबरवरची काजळी आधीचीही असू शकते. उद्या चारही नवे लावतो, दिवे घाटाच्या आणखी चार फेऱ्या मारतो आणि मग काढून बघतो. महाबळेश्वर त्यानंतर.